कुऱ्हाड लाकडात रुतते, लाकूड फुटत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

दापोली तालुक्यात शिमगा उरकला की सरपण फोडायची लगबग सुरू होते. बंबाला आणि चुलीला चार महिने पुरेल एवढं लाकूड मे संपायच्या आत पडवीत रचून झालं पाहिजे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आलं, त्या वर्षी तर घरोघरी आंबा, फणस, सुरू अंगणात आडवे पडलेले. एरवी लाकूड विकत घेणाऱ्यांनीही तेव्हा हातात कुऱ्हाड घेतली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात वाडीतल्या पाच-सात कुऱ्हाडी माझ्याकडे येतात आणि तक्रार बहुतेक एकच असते: रुतते, फुटत नाही. हे दुखणं इतक्यांदा निस्तरलंय की आता कुठून सुरुवात करायची ते नीट सांगता येईल.

आधी लक्षणं ओळखा

कुऱ्हाड दोन-तीन बोटं आत जाते आणि तिथेच पकडली जाते. लाकडाला चीर पडत नाही, नुसती खाच पडते. दोष बहुधा घाव कुठे बसतोय यात, लाकडात किंवा पात्याच्या आकारात असतो.

कुऱ्हाड आत शिरतच नाही, टणकन उडते. बोथट धार, फार सुकलेलं कठीण लाकूड किंवा खालचा आधार, यांपैकी एक.

घाव बसताना ठण्‌ऐवजी खट-खट असा दुहेरी आवाज येतो, हाताला झिणझिण्या येतात. पातं सैल झालंय. हे लक्षण दिसलं की पुढचा एकही घाव घालू नका.

धार एका बाजूला वळते किंवा तिचे टवके उडतात. लोखंडाचं पाणी, म्हणजे तापवून-विझवून दिलेला कडकपणा, बिघडलंय.

१. पातं हलतंय का? (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

सगळ्यात सोपी तपासणी हीच, आणि न चुकता पहिली करायची. एका हाताने पातं, दुसऱ्याने दांडा धरा आणि पिळून पाहा. मग पातं खाली लोंबतं ठेवून दांडा हलवा. नेढ्याच्या तोंडाशी, म्हणजे पात्याच्या भोकात दांडा शिरतो तिथे, बारीक भुसा किंवा ताजी पांढरट रेघ दिसली तर लाकूड आत सरकतंय असं समजा.

यात हयगय का नको, तर दीड किलोचं लोखंड वेगात असताना दांड्यावरून सुटलं की ते कुठे जाईल याला काही धरबंध नाही. समोर फोडलेले तुकडे गोळा करणारं पोर असतं, मागे कोणी बसलेलं असतं. शिवाय सैल पातं घावाच्या क्षणी किंचित वाकडं होतं, जोर लाकडात जाण्याऐवजी दांड्यात जातो, आणि कुऱ्हाड रुतण्याचं तेही एक कारण असतं.

सैल असेल तर थेट सहाव्या मुद्द्यावर जा. घट्ट असेल तर पुढे.

२. घाव कुठे घालताय?

जाड ओंडक्याच्या बरोबर मधोमध घाव घालायची सवय बहुतेकांना असते. तिथे पात्याला चारही बाजूंनी लाकूड दाबून धरतं, सरकायला जागाच नसते. वीतभर जाडीचा ओंडका असेल तर मध्ये मारा, हरकत नाही. त्याहून जाड असेल तर कडेपासून चार बोटं आत मारा आणि ओंडका फिरवत फिरवत कडेच्या ढलप्या काढत चला. मधला गाभा शेवटी आपोआप बारीक होऊन उरतो.

लाकूड सुकताना वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, त्याच्या आडव्या दिशेने, म्हणजे गाभ्याकडे, साधारण निम्मंच. त्यामुळे ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या चिरा पडतात. लाकडाने स्वतःच दाखवलेली ही वाट आहे. त्या चिरेवर आणि चिरेच्या दिशेनेच पातं पडू द्या. पहिल्या घावाला फुटलं नाही तर दुसरा घाव त्याच रेषेत, पण वेगळ्या ठिकाणी. एकाच खाचेत पुन्हा पुन्हा मारलं की ती खाच पात्याच्या मापाची होते आणि मग कुऱ्हाड तिथेच बसते.

घाव तुमच्याकडच्या कडेला घाला, पलीकडच्या नको. पलीकडच्या कडेवरून पातं पुढे गेलं तर दांडाच ओंडक्यावर आपटतो. मी पाहिलेले बहुतेक दांडे पात्यापासून चार-सहा बोटांवर मोडलेले होते, ते याच आपटण्याने.

३. ओंडका कशावर ठेवलाय?

मऊ मातीवर ठेवला तर निम्मा जोर माती खाते. जांभ्याच्या फरशीवर ठेवला तर शेवटच्या घावाला धार दगडावर, आणि एका दुपारीत आठवड्याची धार गेली. खाली लाकडी ठोकळा हवा, गुडघ्याच्या किंचित खालपर्यंत उंचीचा, रुंद आणि सपाट. चिंचेचा मिळाला तर उत्तमच. चिंचेचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून तो सहसा दुभंगत नाही. खाटकाचा ठोकळा चिंचेचा असतो तो यामुळेच.

ठोकळ्यावर एक जुना टायर ठेवून त्यात ओंडका उभा केला तर फुटलेले तुकडे उडत नाहीत आणि पुन्हा पुन्हा वाकून उभे करावे लागत नाहीत. पंक्चरवाल्याकडे असे टायर पडून असतात. पाठ दुखणाऱ्या माणसाला तर यानेच सगळ्यात जास्त आराम मिळतो.

पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहा आणि पातं खाली येताना गुडघ्यात वाका. गुडघे ताठ ठेवले तर पातं गोलाकार फिरत पायांकडे येतं. वाकलात की ते सरळ खाली उतरतं. पायात चप्पल नको, बूट हवेत. दांड्याच्या दुप्पट लांबीच्या आत कोणीही उभं राहू देऊ नका.

४. लाकूड कोणतं, आणि किती सुकलेलं?

इथे मात्र कुऱ्हाडीला दोष देण्यात अर्थ नाही. सुरूचं लाकूड जड असलं तरी सरळ रेषेचं आणि ओलं असताना झटक्यात फुटतं. निलगिरीचा पीळ ओला असतानाच सुटतो, वाळली की हट्टी होते. बाभूळ पूर्ण वाळली की दगड, म्हणून तोडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत फोडून घ्यावी. आंबा आणि फणस यांचा सरळ बुंधा निमूट फुटतो, पण फांद्या फुटतात त्या भागात तंतू सगळीकडे वळलेले असतात. चिंच तर वर सांगितलीच. माडाच्या खोडात वलयं नसतात, नुसता उभ्या तंतूंचा गठ्ठा असतो. त्यात पातं शिरतं आणि तंतू त्याला धरून ठेवतात. तो कुऱ्हाडीने फोडण्यात वेळ घालवू नका, करवतीने छोट्या चकत्या करून घ्या.

गाठ असलेलं तोंड खाली, गाठ नसलेलं वर. चीर स्वच्छ लाकडात सुरू झाली तर ती गाठीपर्यंत जोरात पोहोचते, तेवढ्यावर पुष्कळदा गाठही उलगडते. गाठीवरच घाव घातला तर चीर सुरूच होत नाही.

लांबीही पाहा. दोन फुटांचा ओंडका फुटत नसेल तर त्याचे एक-एक फुटाचे दोन करा. चीर जितकी लांब जायला हवी तितकी अडायला जागा जास्त.

सुकलंय का हे ओळखायला दोन तुकडे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर सुकं, धप्प असा आला तर अजून पाणी आहे. जाळायला पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या खाली असावा, नाहीतर धूरच जास्त. पण फोडायला तेवढं सुकायची वाट पाहायची गरज नाही. उलट फोडलेलं लाकूड लवकर सुकतं, म्हणून आधी फोडा, मग रचा.

५. धार आणि पात्याची जाडी

लाकूड फोडायच्या कुऱ्हाडीला दाढी करण्याएवढी धार नको. तिचं काम तंतू कापायचं नाही, दोन भागांना दूर ढकलायचं आहे. धार फक्त पहिला शिरकाव करते, त्यानंतर खरं काम पात्याच्या दोन्ही अंगांचा फुगवटा करतो. झाड तोडायची कुऱ्हाड पातळ असते, खोल शिरते आणि म्हणूनच फोडताना रुतते. बाजारात आठशे ग्रॅम ते किलोभर वजनाच्या मिळतात त्यातल्या बऱ्याच अशाच. फांद्या साळायला त्या छान, पण ओंडके फोडायला नाहीत.

हे तपासायला पातं वरून, म्हणजे नेढ्याच्या बाजूने पाहा. धारेपासून नेढ्यापर्यंत पाचरीसारखं झपाट्याने रुंद होत गेलं तर फोडायला योग्य. बराच वेळ पातळ राहून अगदी शेवटी रुंद झालं तर ती तोडायची.

धार बोथट असेल तर कानस पुरते. पातं दोन पायांत नव्हे, शिकंज्यात किंवा ठोकळ्यात घट्ट अडकवा, हातमोजा घाला, दोन्ही बाजूंनी सारखंच घासा. धारेचा कोन किंचित गोलसर ठेवा, पातळ करू नका. ग्राइंडरवर लावायची असेल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. धारेवर निळसर झाक दिसली म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलं, तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. ती धार आता टिकणार नाही.

६. पातं सैल आहे: हा आजार पुन्हा पुन्हा का होतो

माझ्याकडे येणाऱ्या कुऱ्हाडींत सगळ्यात जास्त याच. आणि त्या परत परत येतात, कारण घरचा उपायच आजार वाढवतो.

उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: रात्रभर बादलीत घालून ठेवायची. सकाळी पातं घट्ट बसलेलं असतं हे खरं. पण आत काय होतं ते पाहा. लाकूड पाणी पिऊन फुगतं, लोखंडाचं नेढं त्याला फुगू देत नाही, म्हणून बाहेरच्या थरातले तंतू चेपले जातात. चार दिवसांनी दांडा वाळला की तो आधीपेक्षाही बारीक झालेला असतो. पुन्हा पाणी, पुन्हा चेपणं. तीन-चार वेळा असं केलेला दांडा नेढ्याच्या आत काळा, लुसलुशीत झालेला मला दर वर्षी सापडतो.

आपल्याकडे ऋतूही साथ देतो. पावसाळ्यात बसवलेला दांडा दमट हवेने फुगलेला असतो, जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत आकसतो, आणि नेमकं त्यानंतर फोडायचं काम सुरू होतं. म्हणून दांडा बसवायची वेळ उन्हाळ्याच्या तोंडाशी, लाकूड पुरतं सुकलेलं असताना.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे वरून दोन-तीन खिळे ठोकायचे. खिळा लाकूड फाकवत नाही, चिरतो. तिसरा, सायकलच्या ट्यूबची पट्टी नेढ्यात कोंबायची. रबर दर घावाला दबतं आणि सुटतं, म्हणजे पात्याला हलायला हक्काची जागा मिळाली. हे दोन्ही करू नका.

बरोबर पद्धत अशी. पातं खाली लोंबतं ठेवून दांडा हवेत धरा आणि दांड्याच्या बुडावर लाकडी हातोडीने ठोका. पातं जड असल्यामुळे जागीच राहतं आणि दांडा नेढ्यात खोल उतरतो. हे हवेतच करायचं, पातं कशावरही टेकवू नका. मग वर आलेला भाग पाहा. जुनी पाचर सैल असेल तर काढा आणि वाळलेल्या बाभळीची नवी, पातळ आणि लांब उताराची पाचर दांड्याच्या माथ्यावर पाचरीसाठी पाडलेल्या चिरेत ठोका. चीर नेढ्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत हवी. पाचर तळाशी टेकली आणि तरी सैल राहिली तर चीर खोल करावी लागेल. लाकडी पाचर बसल्यावर तिच्यावर तिरकी, छोटी लोखंडी पाचर ठोकली की काम पक्कं.

शेवटी डबल बॉइल्ड जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात मिळतं. पातं खाली करून नेढ्याचा वरचा भाग रात्रभर तेलात बुडता ठेवा. तेल लाकडात शिरून घट्ट होतं आणि पाण्यासारखं उडून जात नाही. एक काळजी घ्या: त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

७. दांडाच बदलायचा असेल

दांड्याला उभी चीर असेल, नेढ्याशी काळा पडला असेल किंवा एकदा पाचर बदलूनही महिन्यात सैल झाला असेल तर दुरुस्ती पुरे, नवा करा.

लाकूड धामणीचं किंवा धावड्याचं मिळालं तर पाहायला नको. दोन्ही चिवट आणि लवचीक, घावाचा हादरा पचवणारी. बाभूळही चालते, पण हाताला जड लागते. काठी कुंपणातून आज तोडली आणि आजच बसवली, ही चूक सर्रास होते. ओलं लाकूड नेढ्यातच आकसतं आणि पातं सुटतं. किमान एक पूर्ण उन्हाळा सावलीत वाळलेली काठी हवी. आमच्याकडे चुलीवरच्या माळ्यावर दोन-तीन काठ्या कायम पडलेल्या असतात.

दांड्याच्या बुडाकडून पाहिल्यावर लाकडाच्या रेषा धारेकडून मागच्या बोथट बाजूकडे जायला हव्यात. आडव्या असतील तर दांडा त्या रेषांवरच फुटतो. लांबी ठरवायला पातं मुठीत धरा आणि दांडा हाताला लावा. तो काखेपर्यंत आला की माप बरोबर. विकतचा रंगवलेला दांडा घेऊ नका, रंगाखाली रेषा आणि गाठी दिसत नाहीत.

मोडका तुकडा नेढ्यातून काढायला पातं चुलीत टाकायची पद्धत आहे. कृपा करून असं करू नका. लाकूड जळतं, पण त्याबरोबर पोलादाचं पाणीही जातं, आणि मग वर्षभर धार वळते म्हणून तक्रार. दोन्ही बाजूंनी करवतीने सपाट कापा, मध्ये ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा आणि पंचाने ठोकून बाहेर काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

८. कुऱ्हाडच चुकीची आहे

वरचं सगळं तपासलं, तरी रुततेच, तर नवी घ्यावी लागेल. साध्या घरगुती सरपणाला दीड ते दोन किलोचं, फुगीर अंगांचं पातं पुरे. घाव जास्त जोरात बसेल असं वाटून तीन किलोची घेऊ नका. वजन दुप्पट केलं तर घावाची ताकद दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. जड कुऱ्हाड दहा घावांनंतर हळू पडायला लागते आणि थकलेला हात नेम चुकवतो. बायका आणि वयस्क माणसांनी सव्वा किलोच्या आसपासचं फुगीर पातं घ्यावं, काम थांबत नाही.

नेढं लांबट घ्या. गोल नेढ्यात पातं दांड्याभोवती फिरू शकतं. नेढ्याच्या दोन्ही बाजूंची लोखंडाची जाडी सारखी आहे ना, आणि वरून पाहिलं तर धार दांड्याच्या सरळ रेषेत येते ना, एवढं दुकानातच पाहून घ्या. लोहाराकडून करून घेत असाल तर ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद चांगलं. त्याला फोडायची हवी हे स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने पातळ तोडायची मिळते.

रुतलेली कुऱ्हाड कशी काढायची

दांडा आडवा हलवू नका, तो मोडतो. दांड्याच्या टोकावर तळहाताने वर-खाली ठोके द्या, पातं उभ्या रेषेत सुटतं. ओंडका लहान असेल तर कुऱ्हाडीसकट उचलून उलटा करा आणि पात्याची बोथट बाजू ठोकळ्यावर आपटा, लाकूड स्वतःच्या वजनाने फुटतं. मोठा असेल तर शेजारी लोखंडी पाचर ठोका. घणाने कुऱ्हाडीच्या माथ्यावर मात्र मारू नका. नेढं पसरतं, आणि लोखंडाला लोखंड लागून उडालेली कपची डोळ्यात जाते. पाचरीचं डोकं मारून मारून फुलासारखं पसरलं असेल तर त्या कडा घासून टाकल्याशिवाय तिलाही घण लावू नका.

कुठे थांबायचं

नेढ्याला केसाएवढी जरी चीर दिसली तरी ते पातं संपलं. वेल्डिंग करून आणलेलं पातं मी कोणाच्या हातात देत नाही. भंगारात द्या.

धार कानशीला लोण्यासारखी लागते किंवा कानस तिच्यावरून नुसती घसरते, तर पाणी बिघडलंय. हे घरी होत नाही. लोहाराकडे न्या, नुसती धार लावू नका तर धारेला पुन्हा पाणी पाजा असं सांगा.

वादळात पडलेली, एकमेकांवर रेललेली झाडं, मुळासकट उपटून वाकलेले बुंधे यांना हात लावू नका. वाकलेल्या बुंध्यात ताण साठलेला असतो, कापला की तो उसळतो. यंत्रकरवतवाल्या जाणकार माणसाला बोलवा. विजेच्या तारेला टेकलेलं झाड असेल तर आधी महावितरणला कळवा, आणि पुरवठा बंद केल्याचं त्यांनी सांगेपर्यंत जवळही जाऊ नका.

दोन हात रुंद चिंचेचा बुंधा, माडाचे जाड ओंडके, गाठींनी भरलेली खोडं वखारीत द्या. तिथल्या करवतीला जे दहा मिनिटं लागतात त्यासाठी तुमचा दिवस आणि खांदा जाईल.

हाताच्या बोटांत मुंग्या राहत असतील, कमरेतून पायात कळ जात असेल तर त्या दिवशी कुऱ्हाड ठेवून द्या आणि डॉक्टरांना दाखवा. जखम झाली तर कापडाने दाबून धरून थेट दवाखान्यात जा, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथे विचारा. डोळ्यात कपची गेल्यासारखं वाटलं तर डोळा चोळू नका, पाण्याचा जोराचा फवारा मारू नका. डोळ्यावर दाब येणार नाही अशी वाटी धरा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.